दूध डेअरीला, ताक शेजाऱ्यांना

मी पतसंस्थांना, आमच्याकडं सोसायटी म्हणतात, पिग्मीचं म्हणजे रोजच्या बचतीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर विकतो, आणि संध्याकाळचे साडेसहा ही या धंद्यातली वाईट वेळ. पिग्मी एजंट गावभर फिरून कलेक्शन घेऊन सोसायटीत परत आलेले असतात, क्लार्कला शेवटची बस गाठायची असते आणि नेमका त्याच टायमाला डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करायचं काम, अडकतो. त्यामुळे साडेसहाला अनोळखी नंबरवरून फोन आला की मी गप उचलतो.

"सर, डे-एंड होईना झालंय बघा."

म्हणलं कुठली सोसायटी, तर चिकोडीकडच्या एका सोसायटीचं नाव सांगितलं. ती माझ्या लिस्टमध्येच नाही. परत विचारलं, सॉफ्टवेअर कधी घेतलंय तुम्ही? पलीकडनं जरा वेळ काहीच नाही. मग म्हणतो, "घेतलेलं न्हवं सर. आमचा साडू तुमच्या त्या दुसऱ्या सोसायटीत क्लार्क हाय, त्यानं पेन ड्राइव्हवर घालून दिलंय. दोन वर्षं मस्त चाललंय. आजच काय झालंय काय की."

आणि माझा नंबर कुठनं मिळाला? तर लॉगिन स्क्रीनवर खाली मीच घातलाय की, मोठ्या अक्षरात, कौतुकाने.

चोरलेल्या मालाची गॅरंटी मागायला माणूस दुकानात आला तर कसं वाटेल तसं वाटलं मला. पण खरं सांगतो, राग यायच्या आधी हात कीबोर्डवर गेला होता. नव्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी भरली नव्हती त्याने, म्हणून तारीख पुढं सरकत नव्हती, दहा मिनिटाचं काम. झाल्यावर तो म्हणाला "लई उपकार झाले सर" आणि फोन ठेवला. बायको म्हणाली, पैसे तरी मागायचेस. मी म्हणलं सुचलंच नाही.

पुढची गंमत अशी की महिन्याभराने त्याच सोसायटीचं लेटरहेडवर पत्र आलं. संचालक मंडळाने ठराव करून वार्षिक देखभाल मंजूर केली होती, माझ्या नेहमीच्या रेटने. सॉफ्टवेअरच्या किमतीबद्दल त्यात एक अक्षर नाही! मी सेक्रेटरींना फोन केला तर ते म्हणाले, "सॉफ्टवेअर तर आमच्याकडं हाय की आधीपासनं. ते परत कशाला घ्यायचं? तुमची सर्व्हिस पाहिजे." एवढं निरागसपणे म्हणाले की मला भांडता पण येईना. आणि विचार केल्यावर वाटलं माणूस बरोबरच बोलतोय राव. माझ्या सॉफ्टवेअरची कॉपी निघते, माझी निघत नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझा भाचा. इथंच बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याने कॉलेजच्या बसचं वेळापत्रक आणि लाइव्ह लोकेशन दाखवणारं काहीतरी चांगलं बनवलंय आणि आता त्याचा प्रश्न, "मामा, हे विकू का गिटहबवर टाकून देऊ?" गिटहब म्हणजे कोड सगळ्यांना बघता-उचलता येईल असं ठेवायची साइट. मी त्याला चहाला आरपीडी क्रॉसला घेऊन गेलो आणि दीड तास बोललो आणि शेवटी त्याच्या काही पदरात पडलं नाही असं त्याच्या तोंडावर दिसत होतं, म्हणून इथं लिहून काढतोय. मी स्वतः दोन्ही करतो. पिग्मीचं सॉफ्टवेअर विकतो, आणि कन्नड अक्षरं देवनागरीत करून देणारं एक छोटं टूल फुकट देतो. या टूलचं कोड पिग्मीवाल्यापेक्षा सुबक आहे, तरी फुकट. का, ते माझं मलाच नीट माहीत नव्हतं.

जरा मागं जातो.

कॉलेजच्या सुट्ट्यांत मी गणपत गल्लीजवळ एका डीटीपीवाल्याकडे बसायचो. लग्नपत्रिका, वास्तुशांती, निधनवार्ता, निवडणूक आली की हँडबिलं. बेळगावात डीटीपी म्हणजे एकाच पत्रिकेत वर मराठी, खाली कन्नड, आणि आहेराचा मजकूर कधीतरी इंग्रजीत. मराठीसाठी श्रीलिपी होतं, पुण्याच्या मॉड्युलरचं, आणि त्याला डोंगल लागायचा. नव्या पोरांना माहीत नसेल, कॉम्प्युटरच्या मागं प्रिंटरच्या पोर्टला लावायचं एक ठोकळ्यासारखं कुलूप, ते नसलं की सॉफ्टवेअर उघडत नाही. मालक रात्री गल्ल्यातल्या पैशाबरोबर तो डोंगल काढून ड्रॉवरमध्ये ठेवायचे, किल्ली कमरेला. कन्नडसाठी मात्र नुडी. ते फुकट, कारण कन्नड गणक परिषदेने केलेलं आणि पाठीशी राज्य सरकार. म्हणजे एकाच टेबलावर मराठीचं अक्षर विकतचं आणि कन्नडचं फुकट. यावर दुकानात रोज काहीतरी शेरेबाजी व्हायची, आमच्या भागात कशावरनं होत नाही म्हणा. मालक म्हणायचे, "फुकट काय नसतंय बाळा. त्याचं बिल दुसऱ्यानं भरलंय एवढंच."

आता विशेष म्हणजे त्या दुकानात डोंगलवालं सॉफ्टवेअर आणि नुडी सोडून सगळं चोरीचं होतं. विंडोज, फोटोशॉप, पेजमेकर, सगळं एका सीडीवर, सीडीवर मार्करने लिहिलेलं 'ऑल'. आणि फायली दाबून लहान करणारं विनरार. त्याची चाळीस दिवसांची ट्रायल आम्ही चार वर्षं वापरली. रोज सांगायचं, मुदत संपली, विकत घ्या, आम्ही रोज ती खिडकी बंद करायचो, आणि ते बिचारं काम करत राहायचं. तेव्हा वाटायचं काय येडे लोक आहेत. नंतर कळलं येडे आम्ही होतो. आमच्यासारख्यांकडून त्यांना कधी पैसे मिळणारच नव्हते, पण आम्ही सगळ्या गावाला त्या फायली पाठवून पाठवून सवय लावली, आणि मोठ्या कंपन्यांना ऑडिटच्या भीतीने लायसन्स घ्यावंच लागतं.

बिल गेट्सने १९७६ च्या फेब्रुवारीत हौशी कॉम्प्युटरवाल्यांना एक खुलं पत्र लिहिलं होतं. अल्टेअर नावाच्या मशीनसाठी त्याने आणि त्याच्या दोस्तांनी बेसिक ही भाषा केली होती, ती सगळे वापरत होते पण अल्टेअरवाल्यांपैकी १० टक्क्यांहून कमी लोकांनी विकत घेतली होती, बाकी सगळं या क्लबातून त्या क्लबात. आमच्या साडूसारखं. पत्रात तो हिशेब मांडतो की रॉयल्टी बघता आमच्या कष्टाला तासाला दोन डॉलर पण पडत नाहीत. ते पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चोरीच्या विंडोजवर वाचलं, हे पण सांगून टाकतो. तेव्हा तो मला रडका सावकार वाटला. आता परत वाचलं की वाटतं, अरे हा तर वीस वर्षांचा पोरगा, डे-एंडच्या वेळचा.

पण त्याच्या उलट्या बाजूची माणसं पण काही संत नव्हती, म्हणजे चांगल्या अर्थाने. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रामरने १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला तो मुक्त सॉफ्टवेअरसाठी, म्हणजे कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं अशा, पण १९८५ मध्ये तोच माणूस ईमॅक्स या एडिटरची टेप १५० डॉलरला विकत होता आणि त्यावर त्याचं पोट चालत होतं. इंग्रजीत बिचाऱ्यांकडं एकच शब्द, फ्री, त्यामुळे त्याला आयुष्यभर समजावत बसावं लागलं. आपल्याकडं मुक्त वेगळं आणि फुकट वेगळं. लिनस टॉर्व्हाल्ड्सचं तर पहिलं लायसन्स असं होतं की त्याची लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वाटताना कुणी पैसेच घ्यायचे नाहीत. मग लोक म्हणाले बाबा फ्लॉपीचे तरी पैसे घेऊ दे की, आणि १९९२ मध्ये त्याने ते बदलून जीपीएल केलं, म्हणजे पैसे घ्या पण कोड उघडं ठेवा.

म्हणजे देणं आणि विकणं या दोन गावाच्या दोन वेशी आहेत असं जे आपल्याला वाटतं ते मुळात तसं नाहीच.

माझी आज्जी खानापूर तालुक्यातली. दोन म्हशी. सकाळी किटली घेऊन दूध डेअरीला जायचं, तिथं फॅट लागायचं, दहा दिवसाला बिल. राहिलेल्या दुधाचं दही, लोणी, लोण्याचं तूप, आणि तूप पण कधी अडचण आली की विकलं जायचं. पण ताक? ताक कधी विकलं नाही. कुणी विचारलं असतं तर शिवी हासडली असती. शेजारच्या बायका तांब्या घेऊन यायच्या, "ताक हाय काय ओ काकू", की आज्जी भरून द्यायची, वर मीठ-मिरची पण द्यायची. तेव्हा मला वाटायचं आज्जीचं मन मोठं. होतंच. पण आता धंद्यात पडल्यावर दिसतं की लोणी आधी काढून घेतलेलं असायचं. ताक टिकत नाही, डेअरी घेत नाही, आणि घरात पिऊन पिऊन किती पिणार. दिल्याने काही जात नव्हतं आणि गल्ली बांधून राहायची. औताच्या टायमाला चार माणसं लागली तर तीच घरं धावून यायची.

फेसबुकने २०१३ मध्ये रिॲक्ट देऊन टाकलं ते हे ताक. त्यांचं लोणी जाहिरातीत. पडद्यावर बटणं कशी दिसावीत याचं कोड जगाला दिलं म्हणून त्यांच्या एका पैशाच्या जाहिराती कमी होत नाहीत, उलट जगातली पोरं आपापल्या खर्चाने ते शिकून नोकरीला तयार होऊन येतात. गूगलने २०१४ मध्ये कुबरनेटिस दिलं, बऱ्याच सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवायची व्यवस्था, तेव्हा क्लाउडच्या म्हणजे भाड्याच्या सर्व्हरच्या धंद्यात ॲमेझॉन पुढं होतं. सगळ्यांची गाडी एकाच मापाच्या रस्त्यावर आली तर गिऱ्हाईक इकडनं तिकडं हलवायला सोपं. यात वाईट काही नाही, मी पण दोन्ही वापरतो. फक्त त्यांच्या परिषदांमध्ये जे समाजसेवेचं बोलतात ना, तेव्हा मला ताकाला जाऊन भांडं लपवणारा आठवतो. इथं उलटं आहे, देणाराच भांडं लपवतोय.

बाहेरच्यांचं जाऊ दे, माझं टूल सांगतो.

आमच्याकडं जमिनीचा उतारा, म्हणजे पहाणी, कन्नडमध्ये येते. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या कितीतरी लोकांना कन्नड बोलता येतं झकास, बाजार तर सगळा कन्नडमध्येच करतात, पण वाचता येत नाही. स्वतःच्या शेताच्या कागदावर स्वतःचं नाव कुठलं ते दुसऱ्याला विचारायचं. यावर मोर्चे, भाषणं, सगळं झालंय आणि होत राहील, मी त्यात पडत नाही. मला एवढंच दिसलं की वडील चष्मा लावून कागद लांब-जवळ करत बसायचे आणि मग मला हाक मारायचे, आणि हाक मारताना त्यांना बरं वाटत नसायचं.

आता कॉम्प्युटरच्या दृष्टीने कन्नड आणि देवनागरी या सख्ख्या बहिणी आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला नंबर दिलेल्या यादीत, आपल्या सगळ्या लिप्या जवळजवळ एकाच साच्यात लावल्यात. देवनागरीच्या 'अ' चा जो नंबर, त्यात ८९६ मिळवले की कन्नडचा 'अ'. 'क' चं तसंच, 'ळ' चं तसंच, काना-वेलांटीचं पण. म्हणजे कन्नड मजकूर घ्यायचा, प्रत्येक अक्षरातून ८९६ वजा करायचे, झालं देवनागरी. हे पहिल्यांदा चाललं तेव्हा रात्री दोन वाजता मी एकटाच हसलो. सीमेवर एवढी वर्षं एवढं सगळं, आणि अंतर किती, तर ८९६.

अर्थात एवढं सोपं नव्हतं. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे, ओ चं पण तसंच, आपल्याकडं एकच. तर त्या ऱ्हस्वांना भलतीच मात्रा लागून अक्षरं विचित्र दिसायची, ती एकत्र करावी लागली. पाटील लिहिताना कन्नडमध्ये कधी कधी ल चा पाय मोडतात, तर इकडं 'पाटील्' यायचं, तो शेवटचा पाय जोडला. ऑ कन्नडात नाही, म्हणून डॉक्टर 'डाक्टर' होऊन आले, ते मी तसेच सोडले, आमच्या गावात तसंच म्हणतात. आणि बेळगावची वेलांटी ऱ्हस्व यायची, 'बेळगावि', ती मी मुद्दाम तशीच ठेवली, नावावरून आधीच कमी वाद आहेत काय.

वडिलांच्या फोनवर घातलं. त्यांनी उतारा उघडला, मी कॉपी-पेस्ट करून दाखवलं, त्यांनी स्वतःचं नाव वाचलं, मग आजोबांचं, मग सर्व्हे नंबर, मग म्हणाले "बरं" आणि फोन ठेवून गोठ्यात गेले. एवढंच. पण दुसऱ्या दिवशी त्यांचे चार मित्र आमच्या कट्ट्यावर.

यांच्याकडून पैसे? भाच्याने हाच प्रश्न विचारला, "मामा, प्रत्येकी वीस रुपये लावले असतेस तरी..." हिशेब बरोबर आहे त्याचा. पण एक तर वडिलांच्या मित्राला वीस रुपयाचा स्कॅनर दाखवायचा म्हणजे ताकाचे पैसे मागितल्यासारखं. हे झालं गोड कारण. दुसरं कारण गोड नाही आणि तेच जास्त खरं आहे. जमिनीचा कागद आहे ओ तो. एखादं अक्षर चुकलं, 'बाळाप्पा'चं 'बाळप्पा' झालं, आणि भाऊबंदकीत तेवढ्यावरनं काही उभं राहिलं, तर वीस रुपये घेतलेला मी पहिला सापडलो असतो. पैसे घेतले नाहीत म्हणून मला खाली मोठ्या अक्षरात लिहिता आलं की हे फक्त वाचायला सोपं जावं म्हणून आहे, कामासाठी मूळ कागदच बघा, चुकलं तर मी जबाबदार नाही. एमआयटी लायसन्स बघा, फुकट दिलेल्या कोडला लावतात ती अटींची चिठ्ठी, इवलंसं असतं, आणि त्यातला जवळजवळ अर्धा भाग सगळ्या कॅपिटल अक्षरात हेच ओरडून सांगतो. फुकट देणाऱ्याला उदार म्हणतात सगळे, पण त्या उदारपणात जबाबदारीतनं सुटका पण असते, हे कुणी बोलत नाही.

पिग्मीचं बरोबर उलटं. पिग्मी हा आमच्याच राज्यातला शोध, उडुपीच्या बँकेने, जी पुढं सिंडिकेट झाली, १९२८ मध्ये सुरू केला, एजंट दारात येणार, रोज दोन आणे. पानपट्टीवाला, भाजीवाली, मागावरचा कामगार, शहापूर-वडगावात अजून रोजचे पन्नास-शंभर देतात. तिथं माझ्या सॉफ्टवेअरने एका बाईचे तीनशे रुपये दुसऱ्याच्या खात्यावर टाकले तर ती बाई सोसायटीत येऊन रडणार आणि एजंटला चोर म्हणणार. तिथं मला "जबाबदार नाही" लिहायची सोय नाही, आणि नसावीच. म्हणून तिथं मी पैसे घेतो, व्यवस्थित घेतो, जीएसटी लावून घेतो. आणि साडेसहाला फोन उचलतो.

सेक्रेटरी लोकांना पण हेच हवं असतं. एकदा मी एका छोट्या, नवीन सोसायटीला म्हणलं होतं, पहिलं वर्ष फुकट वापरा, जमलं की बघू. चेअरमन दचकलेच. "फुकट नको. ऑडिटरला काय दाखवू? आणि तुम्ही उद्या फोन उचलला नाही तर कुठल्या तोंडानं बोलू?" म्हणजे त्यांना मला शिव्या द्यायचा हक्क विकत घ्यायचा होता. योग्य आहे.

एसक्यूलाइटची गोष्ट मला त्यामुळेच फार आवडते. तुमच्या-आमच्या प्रत्येक फोनमध्ये असलेला हा छोटा डेटाबेस, लेखकांनी त्याच्यावरचा सगळा हक्क सोडून दिलाय, घ्या आणि काय पण करा. तरी काही कंपन्यांचे वकील म्हणतात आम्हाला कागद पाहिजे. मग एसक्यूलाइटवाले त्यांना पैसे घेऊन कागद देतात, की होय, हे वापरायचा तुम्हाला हक्क आहे. जे सगळ्यांचं आहे त्याचा बॉन्ड पेपर! आमच्या डीसी ऑफिसच्या बाहेरच्या स्टॅम्प व्हेंडरला हे सांगितलं तर तो पाया पडेल त्यांच्या.

उद्यमबागेतल्या एका फौंड्रीवाल्याकडे मी ईआरपीनेक्स्ट, म्हणजे धंद्याचा स्टॉक-हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवून दिलंय. ते मुंबईत तयार झालेलं, पूर्ण मुक्त, कुणीही उतरवून घ्या, त्यांची कंपनी होस्टिंगवर आणि सर्व्हिसवर कमावते. फौंड्रीवाल्याने कुठंतरी वाचलं आणि मला गाठलं, "अरे हे तर फुकट आहे म्हणे, मग तू कशाचे पैसे घेतलास?" मी म्हणलं तुमच्या स्टोअरकीपरला 'स्क्रॅप' आणि 'रिजेक्शन' हे दोन वेगळे रकाने आहेत हे पटवायला मला सतरा दिवस लागले, त्याचे. तो हसला, कारण स्टोअरकीपर त्याचाच मेहुणा.

टॅलीचं पण मूळ असंच घरातलं. गोएंकांचा गिरण्यांना माल पुरवायचा धंदा होता, मनासारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून मुलाला, भरत गोएंकाला, सांगितलं तूच कर, आणि १९८६ मध्ये बेंगळुरात कंपनी झाली. आमच्या खडेबाजारात वर्षानुवर्षं किती क्रॅक टॅली चालली ते सांगत नाही, पण २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि रिटर्नचे फॉर्म दर दोन महिन्यांनी बदलायला लागले तेव्हा मी स्वतः बघितलंय, क्रॅकवाले गुपचूप लायसन्स घ्यायला लागले. कॉपी सीडीवर मिळते, उद्याचा बदल सीडीवर मिळत नाही.

आता फुकट देण्याची दुसरी बाजू, जी मला भाच्याला नीट सांगता आली नाही.

टूल टाकल्यावर पहिले सहा महिने छान गेले. मग फोटोवरनं वाचायला पाहिजे, आवाजात पाहिजे, आमच्या आयफोनवर का चालत नाही, जुनी हस्तलिखित पहाणी का वाचत नाही. एकाने रात्री अकराला मेसेज केला, "जमत नसेल तर करायचंच कशाला." पिग्मीच्या एकाही गिऱ्हाइकाने मला असं कधी म्हणलेलं नाही, बरं का! पैसे दिलेला माणूस किती दिलेत ते मोजून तेवढंच ओरडतो, फुकट घेणाऱ्याच्या ओरडण्याला मापच नाही.

हे माझं म्हणजे काहीच नाही. एक्सझेड म्हणून एक छोटी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामना वापरायचं तयार कोड, आहे, फायली दाबून लहान करते, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. लासे कॉलिन नावाचा माणूस ती वर्षानुवर्षं एकट्याने सांभाळत होता. २०२२ मध्ये लोक त्याच्या मागं लागले, कामं का होत नाहीत, दुसऱ्याला दे. त्याने लिहिलं की माझी मानसिक तब्येत बऱ्याच दिवसांपासून बरी नाही आणि हे बिनपगारी हौशीचं काम आहे हे पण लक्षात ठेवा. त्याच काळात एक जण मदतीला येत होता, गोड बोलून, चांगलं काम करून. हळूहळू त्याच्याकडं किल्ल्या गेल्या. आणि २०२४ च्या मार्चमध्ये कळलं की त्याने आत चोरवाट बसवली होती. सापडलं पण कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला दिसलं की लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, आणि त्याने ते सोडून दिलं नाही. अर्ध्या सेकंदाने वाचलो. मी हे वाचलं तेव्हा मला तो चोर कमी दिसला, त्या आधी मागं लागलेले लोकच जास्त दिसले, "जमत नसेल तर करायचंच कशाला" वाले. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं तेव्हा पण असंच, अर्ध्या इंटरनेटचं कुलूप असलेल्या ओपनएसएसएलला वर्षाला देणग्या येत होत्या साधारण २,००० डॉलर. म्हणजे डॉलरचा त्यावेळचा भाव धरून एका क्लार्कचा वर्षाचा पगार. आता जरा बदलतंय, बेंगळुरूच्या झेरोधाने २०२४ पासून अशा प्रकल्पांना वर्षाला १० लाख डॉलर द्यायचं जाहीर केलंय, चांगली गोष्ट आहे.

आणि मग तो ॲपचा किस्सा. कुणीतरी माझं टूल उचललं, वर जाहिराती लावल्या, 'जाहिराती नकोत तर ४९ रुपये' असं बटण केलं आणि माझं नाव काढून टाकलं. एमआयटी लायसन्समध्ये विकायला बंदी नाहीये, मीच निवडलेलं लायसन्स, फक्त नाव आणि ते कलम ठेवा एवढीच अट. कायद्याने बोलायचं तर माझा आक्षेप फक्त नावापुरता. पण मी दोन रात्री झोपलो नाही! एवढं उदारपणे दिलेलं, मग दुसऱ्याने चार पैसे केले तर पोटात का दुखावं? म्हणजे माझं पण भांडं कुठंतरी लपवलेलं होतंच.

तेव्हा आज्जीची एक गोष्ट आठवली. गल्लीतली एक बाई रोज दोन तांबे ताक न्यायची, म्हणायची पाव्हणे आलेत. मग जत्रेत कळलं की ती त्याचा मठ्ठा करून विकते, ग्लासाने. आईने येऊन चिडून सांगितलं. आज्जी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती बाई आली, आज्जीने तांब्या भरून दिला, फक्त पाणी इतकं घातलेलं की मठ्ठा काय, हात धुवायच्या लायकीचं राहिलं नव्हतं. भांडण नाही, काही नाही. आणि बाकीच्यांना नेहमीसारखं घट्ट.

इलॅस्टिक नावाच्या कंपनीने २०२१ मध्ये हेच केलं. त्यांचं सर्च इंजिन मुक्त होतं, ॲमेझॉन ते आपल्या क्लाउडवर सर्व्हिस म्हणून विकत होतं, तर त्यांनी लायसन्स बदलून टाकलं. पाणी घातलं. पण ॲमेझॉन काय तांब्या घेऊन येणारी बाई नव्हे, त्यांनी जुनं विरजण ठेवलंच होतं, ओपनसर्च नावाने स्वतःचं लावलं. २०२४ मध्ये इलॅस्टिकने परत मुक्त लायसन्स पण आणलं. आज्जीला गल्ली माहीत होती म्हणून तिचं जमलं.

मी त्या ॲपवाल्याला मेल केली. उत्तर नाही. परत केली. मग एक दिवस ॲपमध्ये सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, माझं नाव आलं, आडनावाच्या स्पेलिंगसकट चुकलेलं. मी विषय सोडला. पुढच्या व्हर्जनचं लायसन्स जीपीएल केलं, ज्याला उचलायचं त्याने स्वतःचं पण उघडं ठेवावं. कुणी पाळेल काय माहीत नाही.

भाच्याला शेवटी मी एवढंच विचारलं, बस चुकली आणि पोरीची परीक्षा गेली तर तिचा बाप कुणाला फोन करणार? तो म्हणाला कॉलेजला. मग कॉलेजला विक. तो म्हणाला कॉलेज पैसे देत नाही. मग बघ बाबा तुझं तू.

काल साडेसहाला परत चिकोडीचा फोन. डे-एंड व्यवस्थित झालेला होता, वेगळंच काम. "सर, तुमचं ते कन्नडचं मराठी करणारं हाय न्हवं, आमच्या चेअरमनच्या फोनात हाय. तेवढं आपल्या पासबुकाच्या प्रिंटमध्ये घालून द्या की, नावं दोन्हीत येऊ देत. ते फुकटच हाय न्हवं?"

मी म्हणलं ते फुकट आहे, पासबुकात घालायचं फुकट नाही. तो म्हणाला, "व्हय व्हय, ते कळतंय सर. बिल पाठवा, ठरावाला लागंल." आणि जरा थांबून, "साडूला पण सांगू काय? त्यांच्यात पण घालून देतो म्हणतोय मी, पेन ड्राइव्हवर."